मी म्हणालो, बर्फ भक्कम आहे

मी सोटा बोलतोय. चार हात लांब, खाली लोखंडी टोक. माझ्या आयुष्यात एक लाजिरवाणा दिवस आहे. तो गाळून बाकीचं सांगणं म्हणजे थापा.

मी कुठल्या झाडाचा, मला ठाऊक नाही. आइसलँडच्या आमच्या किनाऱ्यावर झाडं नाहीत. समुद्र जे ओंडके आणून टाकतो, तेच आमचं लाकूड. माझा धनी ओद्दुर, त्याच्या बापानं मला वाळूतून उचललं, तासलं आणि मोडक्या विळ्याचं पातं तापवून माझं टोक केलं. म्हणजे मी अर्धा वाहून आलेला, अर्धा मोडीतला. पण तोरा असा, जणू हिमनदी मीच आणून दाराशी बांधली.

हिमनदी खरोखर दाराशीच आहे. कुरणाचं कुंपण संपलं की दगडगोटे, आणि लगेच बर्फाचा चढ. कुणीही उठावं आणि चालू लागावं. तिच्याइतकी फसवी जागा दुसरी नाही.

माझं काम पाऊल टाकण्याआधी पुढचा बर्फ ठोकण्याचं. आवाज भरीव आला तर चालायचं. पोकळ आला तर खाली भेग, वळायचं. ओद्दुरनं चाळीस वर्षं लोकांना पलीकडे नेलं. लोक त्याला वाटाड्या म्हणत. मी मनात म्हणे, वाटाड्या मी. हा नुसता मला धरून चालतो.

बर्फाच्या मधोमध एक काळा खडक आहे. बापाबरोबर ओद्दुर पहिल्यांदा तिथवर गेला होता. बाप गेल्यावरही दर वर्षी डोंगरातल्या मेंढ्या घरी आल्या की तो तिथं जाई, कॉफी पिई, सुका मासा चघळे आणि परते. ते बसणं चुकलं तर त्याला वर्ष पुरं झाल्यासारखं वाटत नसे.

यंदा नात आडवी आली. ब्रिंदिस परगावच्या पाहुण्यांना रांगेनं बर्फावर नेते. दोर, हेल्मेट, बुटांखाली लोखंडी काटे, सगळा सरंजाम.

"आजोबा, माझ्या रांगेत या. खडकापर्यंत नेते."

"तू मला नेणार? तुझ्या बापाला मी नेलं तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते."

"तेव्हाचा बर्फ आता राहिला नाही."

"बर्फ तोच आहे. माणसं मऊ झाली."

"निदान हेल्मेट घाला."

"डोक्यात जपण्यासारखं काही असतं तर तुझी आजी बोलली असती."

दुसऱ्या दिवशी ती कामावर जाताच त्यानं मला खुंटीवरून काढलं. पायात रबरी बूट. मला तर आनंदच झाला.

बापानं शिकवलेली खूण अशी: पाठीमागे गावातल्या ख्रिस्ती देवळाचा क्रूस दिसत राहील असं चालायचं, म्हणजे वाट सरळ खडकाला लागते. आम्ही चढलो. ओद्दुरनं वळून पाहिलं. क्रूस दिसेना. बर्फ वितळून इतका खाली बसला होता, की मधली दगडांची टेकडी आड येत होती. शहाणा माणूस परतला असता. ओद्दुर क्रूस दिसेपर्यंत डावीकडे सरकत गेला. देऊळ जागच्या जागी होतं. हललो आम्ही, तेही थेट भेगांच्या रानात. वर कालचा ताजा बर्फ, भेगा झाकलेल्या, सगळं कसं पांढरंशुभ्र.

त्यानं मला ठोकलं. टोक बोथट झालेलं. दोन वर्षं त्याला धार नव्हती, आणि मलाही ते कबूल करायचं नव्हतं. मी म्हणालो, भक्कम आहे.

पुढच्या पावलाला बर्फ खचला. ओद्दुर खाली गेला, मी भेगेवर आडवा अडकलो आणि तो माझ्यावर काखा टाकून लोंबकळला. लोक म्हणतात, सोट्यानं वाचवलं. मी आडवा पडलो होतो, एवढंच. शिवाय अंगाला उभी चीरही गेली.

थोड्या वेळानं काट्यांची करकर ऐकू आली. ब्रिंदिसची रांग. ओद्दुर गप्प. मी आणखी चिरलो. करकर लांब जाऊ लागली, तेव्हा त्यानं घसा खाकरला.

"ब्रिंदिस, जरा इकडे ये. घाई नाही."

ती पोटावर सरपटत आली. तिनं त्याच्या काखेखालून दोर घातला.

"कधीपासून आहात इथं?"

"आत्ताच आलो."

"मिशा गोठल्यात तुमच्या."

सहा पाहुण्यांनी मिळून त्याला ओढलं. वर येताच तो म्हणाला, "सोटा राहिला." ती पुन्हा सरपटत गेली.

त्यानं मला तार गुंडाळली, टोकाला धार लावली. पुढच्या रविवारी तो तिच्या रांगेत उभा राहिला, चौथा, डोक्यावर लाल हेल्मेट. तिनं पाऊल टाकलेल्या जागीच तो मला ठोकत होता. तिनं मागं न पाहता विचारलं, "आजोबा, काय म्हणतोय सोटा?"

"भक्कम आहे म्हणतो."

मी काहीच म्हणालो नव्हतो. पहिल्यांदाच गप्प होतो.

खडकावर त्यानं आपल्या कपातली कॉफी आधी तिला दिली.

बाबांनो, बर्फ दाराशी असला तरी वाटाड्या घ्या. मला घेऊ नका. मी अजूनही खुंटीवर आहे, आणि कुणी विचारलं तर अजूनही म्हणेन, भक्कम आहे.