चंदाबाईची तिथी

पितृपक्षातली अविधवा नवमी आमच्या घरी त्रेचाळीस वर्षं मी सांभाळली. नवऱ्याच्या आधी, कपाळाला कुंकू असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची आणि तिची ओटी भरायची. आमच्याकडे हे पान माझ्या आजेसासूबाईंचं, चंदाबाईंचं. एकोणीसशे एकतीस साली, माझे सासरे उत्तमराव तीन वर्षांचे असताना, त्या तापानं गेल्या असं घरात सांगत.

त्या तेव्हा गेल्या नव्हत्या. हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

त्या नवमीला वडे तळता तळता सासूबाई म्हणाल्या, "वच्छला, हे पान खोटं हाये. पर मोडू नको." आणि हळू आवाजात सांगून मोकळ्या झाल्या. चंदाबाईंना दिवस गेले होते. पोटातलं माझं नाही म्हणून नवऱ्यानं, नत्थुजींनी, त्यांना घराबाहेर काढलं. नत्थुजींचे वडील वलगावचे पोलीस पाटील. गावच्या जन्ममृत्यूची वही, म्हणजे कोतवाल बुक, त्यांच्या शब्दावर लिहिली जायची. सून ताप येऊन मेली असं त्यात लिहिलं आणि दुसरी सून आणली. पुढं सासूबाईंच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात एक अनोळखी बाई उभी होती. ती नवरीच्या गालाला हळदीचं बोट लावून निघून गेली. ती कोण, हे सासूबाईंना नंतर शेजारणीनं सांगितलं.

एवढं सांगून त्यांनी मला तुळशीपुढं नेलं आणि हातावर पाणी सोडायला लावलं. हे कोणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही.

मी ते पाळलं. एकादशी पाळते, सोमवार पाळते, रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय पाणी घेत नाही, तसंच हेही पाळलं. वचन पाळलं की पुण्य लागतं, एवढाच हिशेब मला येत होता.

यंदा ज्येष्ठात माझ्या नातीचं, प्रणालीचं, अकोल्याला कृषीच्या पदवीला नाव लागलं. जागा राखीव, म्हणून जातवैधता हवी. त्यासाठी आम्ही जुना पुरावा जोडला होता तो हाच, चंदाबाईंच्या मृत्यूची नोंद. त्यात 'नत्थुजीची बायको, कुणबी' असं स्वच्छ लिहिलेलं. त्यावर पडताळणी समितीचं पत्र आलं. महिनाभरात खुलासा करा.

योगेश वकील नितेशचा, माझ्या मुलाचा, शाळेपासूनचा दोस्त. आमच्या अमरावतीच्या घरी येऊन त्यानं ते पत्र टेबलावर पसरलं.

"काकाजी, दक्षता पथकाले दुसरी नोंद सापडली. परतवाड्याजवळच्या एका गावची. जानेवारी बत्तीस. मुलगी जन्मली. बाप नत्थुजी, राहणार वलगाव. आई चंदा."

"मंग?" सहदेव, म्हणजे आमचे हे, म्हणाले.

"मंग काय? जुलै एकतीसमधी मेलेली बाई जानेवारी बत्तीसमधी बाळंतीण कशी होईन? दोनातली एक नोंद खोटी. हेच विचारून राहिले ते."

"नत्थुजी काय वऱ्हाडात एकच होता काय? लिहून टाक, तो आमचा नव्हे."

"बायकोचं नावही चंदाच हाये, काकाजी. गावही वलगावच."

"चंदा बी गंज असतीन, ढीगभर. वलगाव काय लहान हाये?"

प्रणाली मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "आबा, हे खरं सांगून राहिले का जुगाड?"

"तू चूप बस. तुह्याच साठी चाललं हे."

योगेशनं पेनाचं टोपण लावलं. "तसं शपथपत्र करता येते. पर चौकशी झाली तर सारंच जाईन. दुसरा रस्ता म्हनजे एकतीसची नोंद खोटी हाये असं कबूल करा अन् बत्तीसची आपली म्हना. जात दोन्हीकडं कुणबीच हाये. पर मंग त्या पोरीच्या वंशातलं कोनी उभं करा लागते, कागदासकट. हाये कोनी?"

"कोनी नाई," हे म्हणाले.

मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

कारण कोणीतरी होतं ना! बारा वर्षांपूर्वी ती माझ्या दारात आली होती. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या, हे शेतावर गेलेले. नवमीचाच दिवस होता. साठीची बाई, पांढरं कपाळ, हातात कारल्यांची पिशवी. म्हणाली, "मी पार्वताबाई. परतवाड्याहून आली. चंदाबाईच्या लेकीची लेक. आज माह्या आजीचं पान वाढता म्हने तुमी. मले पाह्याचं होतं."

म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. यांची आतेबहीण, माझी नणंद.

आत शेजारची करिश्मा सवाष्ण म्हणून पाटावर बसली होती. मी दारातच उभी राहिले. म्हणाले, "बाई, तुमची काही चूक होतेय. आमच्यात असं कोणी नाही. आणि आज सवाष्णींचा दिवस आहे." आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. लोक त्याचं कौतुक करतात.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुले माईत हाये, वहिनी," एवढंच म्हणाली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि गेली. वहिनी म्हणाली, हे कितीतरी दिवस माझ्या कानात राहिलं. त्या दिवशी श्राद्धाच्या स्वयंपाकाला लागणारं कारलं कमी पडलं होतं. मी तिचीच कारली चिरली आणि त्याच पानावर वाढली.

योगेश येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोथी उघडली, तर तीनदा एकाच ओवीवर येऊन थांबले. अध्याय अर्धा सोडून उठले. आयुष्यात पहिल्यांदा. हे अंगणात दाढी करत होते. मी आरशाच्या बाजूला उभी राहून सगळं सांगितलं, पाण्याची आण, सासूबाई, कारली, सगळं.

यांचा एक गाल साबणानं पांढरा तसाच राहिला. "त्रेचाळीस वर्षं तुले माईत होतं?"

"हो."

"अन् माह्या आतेबहिणीले तू दारातून वापस लावलं?"

"हो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"आण होती."

"आण!" ते म्हणाले. गालावरचा साबण पंच्यानं पुसून टाकला. शेवटी वस्तरा धुतला. "मी येत नाई. माह्यानं तिच्या तोंडाकडं पाहवणार नाई. तूच जाय."

प्रणाली माझ्याबरोबर आली. एसटीत तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तू एवढे उपास करते..." आणि खिडकीकडं वळली. खिडकीबाहेर पाहत राहिली. अचलपूरपर्यंत मला तिच्याकडं बघवलं नाही.

परतवाड्याच्या बाजारात विचारत विचारत गेलो, तर पार्वताबाई भाजीच्या दुकानाशी बसली होती. दुकान मुलाचं, ती वांगी निवडत होती. मला पाहिल्याबरोबर ओळखलं.

"बसा," म्हणाली. "आज नवमी नाई. आज चालते काय मी तुमाले?"

मी खालीच बसले, भाजीच्या पोत्याशेजारी. कामाचं सांगितलं. नोंद, समिती, शपथपत्र. सांगताना स्वतःचाच आवाज ऐकवत नव्हता. माफी मागायची ठरवून आले होते, आणि तोंडातून आधी कागद निघाला.

ती ऐकत राहिली. खराब वांगी एका टोपल्यात टाकत गेली. मग म्हणाली, "माह्या आजीले जित्तेपणी मारलं तुमी. आता कागदासाठी जित्ती करून राहिले?"

"चुकलं, बाई. तुम्हाला दारातून परत पाठवलं ते मीच. मला माहीत असून."

"ते मले तवाच समजलं होतं. खोटं बोलनारी बाई इतकी हळू बोलत नसते वो. खरं माईत असनारीच हळू बोलते." मग थांबून तिनं विचारलं, "ती कारली काय केली तवा?"

"तुमच्या आजीच्याच पानावर वाढली."

तिचा हात थांबला. डोळ्यांत काय आलं ते मला दिसलं नाही, तिनं तोंड फिरवलं होतं. "पोट्टी कोनाची ही?"

"नितेशची. तिचंच काम आहे."

"शिकून काय होनार हायेस वो बाई तू?"

"शेतीचं शिकणार आहे, आत्याआजी," प्रणाली म्हणाली. आत्याआजी म्हण असं मी तिला सांगितलं नव्हतं.

"मंग वांगी पायजेन तुले निवडता आली," पार्वताबाई म्हणाली आणि हसली. मुलाला हाक मारून घरून पत्र्याची पेटी मागवली. त्यात तिच्या आईचा शाळेचा दाखला होता, वडील नत्थुजी, वलगाव. आईनं मरेपर्यंत बापाचं नाव बदललं नाही. "शपथपत्रावर सही करीन मी. पोरीचं भलं होऊ द्या. तिनं काय केलं?"

निघताना मी धीर करून म्हणाले, "बाई, आमच्याकडे नवमी करतात. कुंकवानं गेल्या म्हणून."

पार्वताबाई उभी राहिली. "कुंकवानं? नत्थुजी मेला अठ्ठावन्न साली. निरोप आला तवा मी सहा वर्षाची होती. उंबऱ्यावर बसून तिनं दगडानं बांगड्या फोडल्या, दोन्ही हातच्या. माही माय म्हने, अवं, त्यानं तुले मेली लिहिलं, त्याच्यासाठी काहून फोडतं? तर म्हने, त्यानं लिहिलं, मी थोडीच लिहिलं. त्याच्यानंतर आठ वर्षं जगली ती, पांढऱ्या कपाळानं."

मग मला नवमी कशी ठेवता येईल! पण तिथी तर हवी. मी विचारलं, "मग त्या कोणत्या तिथीला गेल्या?"

"माईत हाये मले." तिनं टोपल्यातलं एक किडकं वांगं उचललं, पाहिलं, परत टाकलं. "पर सांगनार नाई. तिचं पान आमी वाढतो. तुमच्या पानाची तिले गरज नाई."

मी खाली वाकून नमस्कार केला. तिनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

अमरावतीला ती सांगितलेल्या दिवशी आली आणि सही करून पुढच्या गाडीनं गेली. जेवली नाही, चहाही घेतला नाही. हे तिला न्यायला स्टँडवर गेले होते. रिक्षात दोघं काय बोलले ते यांनी मला सांगितलं नाही. वंशावळीत चंदाबाई आणि त्यांची मुलगी लिहिली गेली. श्रावणात प्रणालीला वैधता मिळाली. घरात पेढे वाटले. मी देवापुढं ठेवले, खाल्ले नाहीत. जे खरं मी कागदाशिवाय बोलले नसते, ते बोलल्याचं मला पुण्य नाही, हे मला कळत होतं.

मग पितृपक्ष आला. हे म्हणाले, "तिथी नसली तर सर्वपित्रीले वाढ. ज्याची तिथी माईत नाई त्याचं त्याच दिवशी करतात."

"तिची तिथी माहीत आहे," मी म्हणाले. "आपल्याला सांगितली नाही, एवढंच."

नवमीच्या सकाळी करिश्मा फाटकाशी आली. हिरवी साडी, केसांत शेवंती. दरवर्षीसारखंच. "काकू, किती वाजता येऊ वो? मी सकाळपासून काहीच खाल्लं नाई."

मी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या खाली ठेवला. बाजूच्या घरची सून कपडे वाळत घालत होती, पलीकडे दूधवाला उभा होता. त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "येऊ नको, करिश्मा. आमच्या चंदाबाई सवाष्ण गेल्या नाहीत. त्या जिवंत असताना आम्ही त्यांना मेली म्हणून लिहिलं होतं. मला माहीत होतं, आणि मी तुला इतकी वर्षं खोट्या पानावर बसवलं."

कपडे वाळत घालणारी थांबली. करिश्मा फाटकाची कडी धरून उभी राहिली. "मंग... ओटी भरत होत्या, ते?"

"तेही."

तिनं केसांतल्या फुलांना हात लावला. मग म्हणाली, "जाते मंग, काकू." आणि गेली.

चुलीशी मी काहीच मांडलं नव्हतं. दुपारी यांना साधा वरणभात वाढला. कारलं आणलं नव्हतं.