पट्टा आणि आकडा

काका पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा अख्खा वर्ग उभा राहिला. कोण आलं म्हणून काकांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते घाईघाईने म्हणाले, "बसा, बसा." सगळे बसले, आणि गैरसमज आणखीच पक्का झाला. शेवटी ते मधल्या रांगेत एका ठेंगण्या मुलीशेजारी जाऊन बसले आणि पिशवीतून पट्टी-पेन्सिल काढायला लागले, तेव्हा कुठे वर्गात खसखस पिकली. शेजारची मुलगी तेवढी हसली नाही. "काका, पेन आहे का जास्तीचं?" तिने विचारलं. त्या दिवसापासून ते साऱ्या विभागाचे काका झाले. मुलीला सगळे चिमणी म्हणत. अंगाने ती तेवढीच होती आणि तिची चिवचिव परीक्षेच्या हॉलमध्येच काय ती थांबे.

काकांचा उभा जन्म बाटल्या भरायच्या कारखान्यात गेला होता. फिटर म्हणून चिकटले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. यंत्राच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखायची आणि पाना घेऊन सरसावायचं, हे त्यांचं आयुष्य. पण शेवटी शेवटी प्रत्येक यंत्राच्या कुशीत एक करडी पेटी येऊन बसली. पेटीवर दिवे लुकलुकायचे. ती बिघडली की कंपनीचा माणूस यायचा, लॅपटॉप जोडायचा, खुडबुड करायचा आणि जायचा. "काय झालं होतं?" काका विचारायचे. "झालं आता," तो म्हणायचा. वाईट माणूस नव्हता तो, घाईत असायचा. पण पेटीच्या आत काय चालतं हे न कळताच निवृत्त होणं म्हणजे पंगतीला बसून नुसत्या वासावर उठण्यासारखं होतं.

निवृत्तीनंतर ते घरी हे इतक्यांदा बोलून दाखवायचे की एकदा लेकच म्हणाली, "बाबा, मग शिका की. तुमची पदविका आहे, पदवी पुरी करा. मेकॅट्रॉनिक्स म्हणतात त्याला. यंत्र, वीज आणि संगणक, तिघांचा एक संसार." लेक ग्रंथालयात नोकरीला होती. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तिच्याकडे एक पुस्तक नाहीतर एक अभ्यासक्रम असायचाच.

"इथे दोघांचा धड होत नाही," लेकीची आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तिघांचा कसला करताय?"

पण जेवणाचा डबा मात्र तिनेच शोधून, घासून ठेवला.

काकांना कॉलेजातलं सगळं आवडलं. फळ्यावरचा खडूचा वास आवडला, कँटीनचा पाणचट चहा आवडला, स्वतःच्या नातवाच्या वयाच्या मुलांनी "काका, सबमिशन झालं का?" असं बरोबरीने विचारणं तर फारच आवडलं. आवडलं नाही ते फक्त गणित. तिथे त्यांनी गटांगळ्या खाल्ल्या, दोनदा. मध्ये एक सत्र छातीच्या दुखण्यात गेलं. पदवी पुरी करायला विद्यापीठाची मुदत असते, ती अशी हातातून निसटत निसटत शेवटच्या सत्रावर येऊन ठेपली. आता उरला होता एकच प्रकल्प. तो पास झाला तर काका इंजिनीअर. नाही झाला तर पटावरून नाव कमी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला त्यांचं वय काही थांबणार नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

रखडलेल्यांत चिमणीही होती, म्हणून प्रकल्प काका आणि चिमणी या जोडीचा होता. टेबलावर उभा राहणारा एक यांत्रिक हात, जो ट्रेमधून अंडं उचलून पलीकडच्या खोक्यातल्या खळग्यात अलगद ठेवेल. हाताची हाडं-सांधे काकांनी बनवले, त्याचा मेंदू चिमणीने. सराव प्लास्टिकच्या अंड्यांवर झाला. पण परीक्षेला खरी अंडी आणायची, असा विभागातल्या मॅडमचा हुकूम होता. "प्लास्टिकचं अंडं कितीही आपटलं तरी पास होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे घरात खायला नाहीत आणि तिकडे यंत्राचा खुराक," आईने अंडी बांधून देताना म्हटलं. "तीनच देतेय. फोडू नका."

परीक्षेच्या सकाळी काका अंड्यांची पिशवी छातीशी धरून जिना चढले. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर ते थांबत आणि सूचनाफलक वाचत. दम खात होते असं कुणाला वाटू नये म्हणून सुरू केलेली ही सवय, पण तिच्यामुळे कुणाची छत्री हरवलीय आणि कुठल्या सरांचा तास रद्द झालाय, हे विभागात सगळ्यात आधी त्यांनाच कळे.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. चिमणी चहाला गेली होती. काकांनी हाताला सहज हलवून पाहिलं. मोटरपासून खांद्यापर्यंत जाणारा दातेरी पट्टा बोटाखाली किंचित दबला. ढिला. आता पाहुणे यायच्या आधी यंत्राचा पट्टा ढिला ठेवणं काकांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी खिशातून पाना काढला, दोन आटे फिरवले, पट्टा तारेसारखा ताणला आणि पाना खिशात टाकला. हे कुणाला सांगायचं असतं, असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कारखान्यात ढिलं दिसलं की आवळायचं. शिंक आली तर माणूस काय नोटीस लावतो?

पण गोम अशी होती की पट्टा ढिला आहे हे चिमणीलाही ठाऊक होतं. सरावात हात नेहमी खळग्याच्या अलीकडेच थांबायचा, कारण मोटर फिरायची आणि तिचं थोडं फिरणं पट्ट्याच्या ढिलेपणातच जिरायचं. चिमणीने काय केलं, तर प्रोग्रॅममध्ये एक आकडा वाढवला आणि मोटरला सांगितलं, दर खेपेला थोडं जास्त जा. हात बरोबर खळग्यावर पोचायला लागला. तिनेही ते काकांना सांगितलं नाही. एक आकडा तर बदललाय, त्यात काय सांगायचं. एकूण काय, एकाच भाजीत दोघांनी आपापल्या परीने मीठ घातलं होतं, आणि दोघांचाही हात चांगला सढळ होता.

बाहेरून आलेले परीक्षक बारीक अंगाचे, मिशीतल्या मिशीत बोलणारे गृहस्थ होते. आल्या आल्या त्यांनी काकांशी हात मिळवला. "नमस्कार सर, विद्यार्थी कुठे आहेत?"

"हा एक," काका म्हणाले, "आणि ही दुसरी."

परीक्षकांनी एकदा कागद पाहिला, एकदा काकांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. "चालवा."

चिमणीने बटण दाबलं. हात वळला, वाकला, रबरी बोटांनी त्याने अंडं असं उचललं की मॅडमच्या चेहऱ्यावरही कौतुक आलं. तो डौलात खोक्यावर गेला, खळगा ओलांडून पुढे सरकला आणि दोन खळग्यांमधल्या कडेवर अंडं ठेवून मोकळा झाला. कर्र. पिवळा बलक खोक्याच्या भिंतीवरून सावकाश खाली उतरला.



"हात दाखवून अवलक्षण," परीक्षक मिशीत पुटपुटले. मग मॅडमना म्हणाले, "चहा मिळेल का? तोवर यांना बघू द्या."

ते दोघे बाहेर गेले. काकांची नजर यंत्राच्या खांद्याकडे गेली. पट्टा! सकाळपर्यंत ठीक चाललेल्या यंत्रात बदल एकच झाला होता आणि तो त्यांनी केला होता. पोरीची मेहनत आपण मातीत घातली. हे तिला सांगावं, तर ती आधीच रडवेली झालेली. आधी होतं तसं करून ठेवावं, उगाच बोभाटा कशाला? "जरा वायरी बघ हं त्या बाजूच्या," असं म्हणून त्यांनी तिला पलीकडे वळवलं, खिशातला पाना काढला आणि दोन आटे उलटे फिरवले.

चिमणी वायरी बघत नव्हती. अंडं फुटल्यावर तिने ताणलेला पट्टा पाहिला होता आणि काय ते ओळखलं होतं. काकांनी पट्टा आवळला, बरोबरच केलं. माझाच तो आकडा नडला. आणि आता काकांना सांगितलं तर ते स्वतःलाच दोष देत बसणार, तेही आज. तिने पाठ फिरवून, गुपचूप, लॅपटॉपवरचा आकडा पुसून टाकला.

परीक्षक परत आले. "झालं?"

"झालं," दोघंही म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने.

बटण दाबलं. हात वळला, वाकला, अंडं उचललं आणि खोक्याच्या अलीकडेच सोडलं. अंडं टेबलावर पडून फुटलं आणि परीक्षकांच्या कागदाकडे वाहायला लागलं. त्यांनी कागद उचलून घेतला.

"मघाशी पुढे, आता मागे," ते म्हणाले. "मधल्या वेळात कोणी काय केलं?"

"मी," काका म्हणाले.

"मी," चिमणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू काय केलंस?"

"आकडा काढला. तुम्ही काय केलंत?"

"पट्टा ढिला केला."

"ढिला करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, पण कसला आकडा? मला कुठे माहीत होता आकडा?"

"आणि मला कुठे सांगितलंत पट्टा आवळला म्हणून?"

"आवळल्याचं काय सांगायचं?"

"तेच ना. मलाही तेच वाटलं."

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. खोकल्यासाठी असावा. परीक्षक मात्र गंभीरच होते. "एक अंडं उरलंय," ते म्हणाले. "काय करायचं ते माझ्यासमोर करा. आणि बोलून करा."

काकांनी घाम पुसला. समोर दोन वाटा होत्या. पट्टा आहे तसा ढिला ठेवून चिमणीने आकडा पुन्हा घालायचा, सरावात चाललं तसं चालेल. नाहीतर पट्टा ताणायचा आणि आकडा शून्यच ठेवायचा. हे असं त्यांनी एकदाही चालवून पाहिलं नव्हतं. सगळं पणाला लागलेलं असताना मळलेली वाट सोडू नये, हे कुणीही सांगेल.

"चिमणे, तुला काय वाटतं?"

चिमणीने ढिल्या पट्ट्यावर बोट दाबून पाहिलं. "आकडा म्हणजे ठिगळ होतं, काका. पट्टा ताणा. पण तुमची शेवटची..."

"ते राहू दे. मी पट्टा ताणतो. तू कशाला हात लावू नकोस."

"नाही लावत."

"लॅपटॉपलाही नाही."

"हे बघा," चिमणी म्हणाली आणि शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

काकांनी आटे फिरवले. पट्टा बोटाने छेडून कान लावला. मग मागे सरकून त्यांनीही हात पाठीमागे बांधले. बटण दाबायलाच कुणी उरलं नाही. शेवटी मॅडमनी पुढे होऊन ते दाबलं.

हात वळला. वाकला. अंडं उचललं. खोक्यावर गेला, थांबला, आणि घरट्यात ठेवावं तसं त्याने ते खळग्यात ठेवलं. रबरी बोटं सुटली. अंडं जरासं डुललं आणि बसलं.

"हं," परीक्षक म्हणाले. "आता प्रश्न. तुम्ही नाही," ते चिमणीला म्हणाले, "प्रोग्रॅमचं हे सांगतील. पट्ट्याचं तुम्ही." मग काकांकडे वळले. "समजा पट्टा ढिलाच ठेवायचा आहे. तो आकडा दर वेळी उपयोगी पडला असता का?"

कारखान्यातल्या करड्या पेटीचं दार उघडं असावं आणि आत बघायची आज्ञा व्हावी, तसं काकांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले. मोटर फिरते, पट्टा ताणला जातो, मग हात निघतो. पुढे जाताना ढिलेपणा एका बाजूला. आणि उलटा येताना?

"नाही," ते हळूहळू म्हणाले. "हात कुठून आला यावर ते आहे. डावीकडून येताना जो आकडा मिळवायचा, तो उजवीकडून येताना वजा करावा लागेल. म्हणजे पेटीला... म्हणजे प्रोग्रॅमला आधी विचारावं लागेल, मागच्या खेपेला कुठल्या दिशेने गेला होतास. आणि पट्टा जुना होत जाईल तसा आकडाही बदलेल. त्यापेक्षा हात खरंच कुठे पोचला हे सांगणारा सेन्सर खांद्यावरच बसवायचा. मग ढिलेपणाला फारसा भाव द्यायला नको."

"मग बसवला का नाहीत?"

"सुचलं आत्ता," काका म्हणाले.

या वेळी परीक्षक हसले, तेही मिशीबाहेर. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मॅडमना दाखवलं, मॅडमनी मान हलवली आणि काकांसमोर हात पुढे केला. "अभिनंदन, इंजिनीअरसाहेब." चिमणीने जी किंकाळी फोडली ती खालच्या मजल्यावरच्या तासालाही ऐकू गेली असणार.

घरी येऊन काका चपला काढता काढताच सांगायला लागले. लेक कामावर होती, तिला फोन लावून तो टेबलावर ठेवला, म्हणजे दोघींना एकदमच ऐकता येईल. पट्ट्यापासून सुरुवात झाली. आकडा आला, पहिलं अंडं झालं, परीक्षकांचा चहा झाला. मग काकांना आठवलं की ढिलेपणा म्हणजे काय हे दोघींना नीट कळलेलं नाही, म्हणून ते पुन्हा पट्ट्यापाशी गेले. दोन चमचे आणि एक नाडी घेऊन त्यांनी ते टेबलावर करूनही दाखवलं, आणि फोनमधल्या लेकीला दिसत नाही म्हणून तोंडाने समजावलं. लेक दबक्या आवाजात नुसतं हं, हं करत होती. ग्रंथालयात होती म्हणून असेल.

"अहो," आईला शेवटी राहवेना, "पास झालात की नाही तेवढं सांगा ना आधी."

"अगं, तिसऱ्या अंड्यावर येऊ तर दे," काका म्हणाले आणि त्यांनी नाडी पुन्हा ताणून धरली.