माईंचं गुलाबी दही

सकाळपासून जिन्यावर रांग लागली होती. संध्याकाळी घरचं दूध आणून द्यायचं, सकाळी मातीच्या वाटीत दही घेऊन जायचं. वरून पांढरंशुभ्र, पण चमचा तळापर्यंत गेला की आतून गुलाबी, गोड, घमघमीत! "दूध तुमचंच, भक्ती तुमचीच, माईंचा फक्त स्पर्श!" भावजी घसा फोडून सांगत होते. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून त्यांच्या जिभेला असा धंदा मिळालाच नव्हता.

पडद्याआड माईंना सगळं ऐकू येत होतं. माई कसल्या, चारचौघींसारखी बाई. नवरा गेल्यावर धाकट्या दिराकडे, म्हणजे या भावजींकडे, राहायला आलेली. पुतणी दही खाईना, म्हणून त्यांनी एकदा वाटीच्या तळाशी घरचा स्ट्रॉबेरी जॅम लपवला आणि विरजण लावलेलं कोमट दूध त्यावर हळूच सोडलं. शेजारच्या काकूंनी त्यातली एक वाटी खाल्ली, दुसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला, आणि भावजींच्या डोक्यात चक्रं फिरू लागली.

"वहिनी, चार दिवसांची गंमत समजा," ते म्हणाले होते. मग माईंचं मौनव्रत जाहीर झालं. मग खोलीला बाहेरून कडी लागली, भक्तांचा त्रास नको म्हणून! खिडकी उघडावी तर खाली लोक हात जोडून उभे. ज्यांना ओरडून सांगायचं, तेच पाया पडायला टपलेले. आणि सांगून जायचं तरी कुठे? माई मुकाट्याने वाट्या भरायच्या, दही लागेपर्यंत शालीत गुंडाळून ठेवायच्या.

त्या सकाळी पडदा लावून भावजींनी लोकांना खोलीत घेतलं, तेव्हा एका बाईचा दबका आवाज आला. "दादा, लेकीला मधुमेह आहे हो. रोज सुई टोचताना माझाच जीव कळवळतो. हे दही चालेल ना?"

"चालेल? धावेल! सुया फेकून द्या. सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी."

"दह्याची कीर्ती ऐकून इंजेक्शन कालपासून बंदच केलंय. पण पोर सारखी पाणी मागतेय, ओकतेय."

बोललं तर डोक्यावरचं छप्पर जाणार. माईंनी पडदा बाजूला ओढला. बाईच्या खांद्यावर पोर मलूल पडली होती.

"पोरीला ते देऊ नका! त्यात साखर आहे!"

एकजण किंचाळला, "माई बोलल्या! मौन सुटलं!" आणि सगळी खोली त्यांच्या पायाशी आडवी झाली.

"परीक्षा बघतायत तुमची!" भावजींनी लगेच सूर पकडला. "श्रद्धा असेल तर साखरेचंही औषध होतं!"

खरं बोलूनही सुटका नाही! माईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी पुतणीसाठी नुकतीच भरलेली वाटी त्या बाईसमोर धरली. "चमचा घाला. पार खाली."

पातळ दुधाखालून जॅमचा लाल गोळा वर आला.

"दही लागलंसुद्धा नाही, चमत्कार मात्र तयार!" माईंनी जॅमचं पातेलं पुढे सरकवलं. "फळं आणि तेवढीच साखर. जॅम जड, तळाशी बसतो. दूध हळू ओतलं की मिसळत नाही. आणि दही विरजणातल्या जंतूंमुळे लागतं. माझ्या हातचं लागतं, तसं तुमच्याही लागेल."

"मग माझा ताप?" शेजारच्या काकू रुसल्यासारख्या म्हणाल्या.

"सर्दीचा होता, काकू. उतरायचाच होता."

बाईने बोट जॅममध्ये बुडवून चाखलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "मी काय करून बसले!"

"बसू नका. उठा, दवाखाना गाठू."

माईंनी पोरीला उचललं. भावजी दारात आडवे झाले. "वहिनी, बाहेर पाऊल टाकलंत तर परत यायचं नाही."

"बरं," माई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

डॉक्टरांनी पोरीला सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. "आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोर उठून बसली, आईशी भांडू लागली.

दवाखान्याबाहेर रांगेतले काही जण येऊन थांबले होते. माईंना पुढे कुठे राहायचं ते अजून ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग माई, आम्ही ऐकायचं तरी कुणाचं?"

"आधी मला माई म्हणू नका. आणि कुणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांचं औषध थांबवू नका, मी सांगितलं तरी. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे कसं होतं, पुन्हा माझ्यासमोर करून दाखव. तो चिडला, की काय ते समजा आणि घरी जा."