चाळीस दिवसांचं गणित

बैठकीला मला जुना वापरकर्ता म्हणून बोलावलं होतं. खरं तर लेकीनेच शब्द टाकला असावा. नवा महासंगणक कसा असावा, हे तिची मंडळी ठरवत होती.

"आता एकच गणित महिनाभर मशीन अडवून बसणार नाही," ती सर्वांना सांगत होती. "एआय हजारो छोटी गणितं मशीनवर सोडतं, उत्तरं बघतं आणि पुढची कुठली सोडायची ते स्वतःच ठरवतं. म्हणून एका गणिताला सहा तासांची मर्यादा."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

माझ्या बायकोचं, नदीच्या गाळाचं गणित जुन्या मशीनवर चाळीस दिवस चालायचं. संपलं की आम्हा दोघांच्या पडद्यांवर तिने लिहून ठेवलेली ओळ उमटायची: 'झालं. जेवायला चला.' शेवटच्या खेपेला एकतिसाव्या दिवशी वीज गेली, गणित अडलं. त्याच आठवड्यात ती गेली. पाच वर्षं ती ओळ आली नव्हती, आणि जुनं मशीन महिनाअखेर बंद होणार होतं.

व्हरांड्यात लेकीने गाठलं. "बैठकीत तोंडाला कुलूप आणि घरी आठवडाभर उसासे. बोला आता."

"आईचं गणित सहा तासांत मावणार नाही गं."

"तुकडे करू. सहा तासांत जिथवर येईल ते साठवायचं, पुढचा तुकडा तिथून उचलायचा."

"ती चिडली असती."

"चिडली असती, आणि मग तेच केलं असतं."

तिच्या आईने एकतिसाव्या दिवसापर्यंतचं साठवलेलं होतंच. चाचणीसाठी आलेल्या नव्या मशीनवर लेकीने तिथून पुढे सुरू केलं. मला गाळाचं उत्तर नको होतं, ती ओळ हवी होती. पण या वयात हे लेकीला कसं सांगावं?

दुपारी पहिला तुकडा संपला. पडद्यावर आलं: 'झालं. जेवायला चला.'

"अगं बाई! आईने ही ओळ गणिताच्या शेवटी नाही, प्रोग्रॅम थांबतो तिथे लिहिलीय, म्हणजे प्रत्येक तुकड्याला येणार. चूक आहे, काढते."

"राहू दे."

"बाबा, अजून कुठे झालंय?"

"तिचं असंच. स्वयंपाक व्हायच्या आधीच हाका मारायची."

लेकीने ओळ काढली नाही. "दिवसातून चारदा येईल हं. इतकं जेवाल?"

तिने पुढचा तुकडा सुरू केला. मी पिशवीतून डबा काढला आणि आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला.