बदामाचे झाड

“मामा, जरा वर उचला… हं, बसलं!” सुताराने शेवटचा खिळा ठोकला आणि खिडकीत रंगीत काचांचे बदामाचे झाड उभे राहिले. निदान राहायला हवे होते.

चौकट सोडून काचवाल्याने डोळे चोळून पाहिले. कारखान्यात, खालून दिवे असलेल्या टेबलावर, हीच पाने हिरवीगार, तांबूस, मधूनच लालभडक दिसत होती. इथे मात्र शिशाच्या काळ्या रेघा आणि त्यांच्यात अडकलेले काळपट तुकडे. शेजाऱ्याने खरे झाड पाडून खिडकीपासून हातभर अंतरावर भिंत चढवली होती; उजेड येणार कुठून? जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने आधी विचारले होते, “ऊन कुठून येतं?” आणि बायकोसाठी करायला बसला तेव्हा नेमके तेच विसरला. अक्कल गहाण पडते ती अशी.

सुतार शहाणा. हत्यारे गोळा करून मुकाट्याने निघून गेला.

पाय गेल्यापासून पलंग आणि त्याला लागून असलेली ही खिडकी, एवढेच बायकोचे जग उरले होते. झाड पडले त्या दिवशी ती जेवली नाही. एवढेच म्हणाली होती, “सगळ्या गावाला झाडं करून दिलीत, मलाही एक द्या की.”

आता ती म्हणाली, “छान झालंय हो.”

“खोटं बोलू नकोस. काळंठिक्कर दिसतंय.”

“दिवा लावून बघा.”

दिवा लावला, तर काच आणखीच काळी. त्याला रडूच कोसळायचे बाकी होते.

“काढून टाकतो.”

“हात लावाल तर खबरदार! अहो, दिवा आत आहे म्हणजे बाहेरून दिसत असेल. जा, बघून या.”

“त्या बोळात? हे पोट घेऊन?”

“जा म्हणते ना!”

तो गेला. आडवा होऊन, भिंतीला पाठ घासत, कोळ्यांची जाळी तोंडावर घेत खिडकीपाशी पोचला आणि थांबला. झाड होते. पानापानांतून उजेड येत होता.

“दिसतंय का?” आतून आवाज आला.

“दिसतंय.”

“नुसतं दिसतंय काय? नीट सांगा.”

“शेंड्याला कोवळी, पोपटी पानं आहेत. खाली एक लाल, गळायला आलेलं.”

“आणि खार?”

“खार नाही केली गं.”

“रोज यायची, ती नाही केलीत?”

“करीन.”

आत पलंग करकरला. मग काचेवर, पानांच्या मागे, तिचा हात उमटला.

“लाल पान कुठलं? हे?”

“जरा वर. अजून… हं, तेच.”

“काढून टाकू नका हं,” ती म्हणाली. हात तिने तसाच धरून ठेवला.

त्याला डोळे पुसायचे होते, पण बोळ इतका अरुंद होता की हात वर येईना.