बेज्जूरवालीची नोट

वांकिडीच्या बाजाररस्त्यावर अमृतरावांचं किराणा दुकान आहे. गुळाच्या ढेपांचा वास पूर्वी होता तसाच आजही आहे. बदलला तो गल्ला. एके काळी संध्याकाळी तो नोटांनी फुगून बंद व्हायचा नाही. आता गिऱ्हाईक काउंटरवरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीसमोर फोन धरतं, खोक्यातून पैसे मिळाल्याचा बाईचा आवाज येतो आणि गल्ला आपला उपाशीच.

अमृतरावांना याचं दुःख व्यापारी म्हणून नव्हतं. त्यांना जुन्या नोटांचा नाद. एक रुपयाच्या नोटेवर साल छापलेलं असतं. अशी एकेका सालाची नोट त्यांनी प्लॅस्टिकच्या खिशांच्या वहीत लावली होती. नियम एकच: विकत घ्यायची नाही, गल्ल्यात आली तरच खरी. चंद्रपूरच्या एका माणसाने पंच्याऐंशी सालची नोट दोनशे रुपयांना देऊ केली, तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पंच्याऐंशीचा तेवढा एकच खिसा रिकामा होता. त्याच साली सोनाबाई लग्न होऊन या घरात आल्या होत्या.

"नोट भेटत नाई म्हनून काय झालं, मी त भेटले ना," सोनाबाई म्हणायच्या.

"तू चलनातली नाई," अमृतराव म्हणायचे.

पैसे फोनवरून येऊ लागल्यापासून गल्ल्यात जुनी नोट निघेनाशी झाली, तसे अमृतराव जेवताना गप्प बसू लागले. सोनाबाईंनी मग बाजारात बसणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं, की जुन्या पेटीत, लुगड्याच्या घडीत नोट सापडली तर मला द्या. बदल्यात गूळ. दुपारी अमृतराव जेवायला आत गेले की त्या गल्ल्यावर बसायच्या आणि नोट हळूच इतर नोटांत सरकवून द्यायच्या. त्या रात्री अमृतराव एक भाकर जास्त खायचे. सोनाबाईंना तेवढं पुरे होतं. पण हे अमृतरावांना कळलं तर त्या नोटा खोट्या ठरतील, अर्धी वही रिकामी होईल, ही धास्तीही होतीच.

परवा शुक्रवारी वांगी विकणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पदराच्या गाठीतून पंच्याऐंशीची नोट काढून दिली. सोनाबाईंनी ती आधी देवापुढे ठेवली. घरात आलेली लक्ष्मी, त्यातून शुक्रवार. हात आपसूक हळदकुंकवाच्या करंड्याकडे गेला आणि बोट लावून मोकळाही झाला. मग ती नोट नेहमीसारखी गल्ल्यात गेली.

संध्याकाळी अमृतरावांनी चिमट्याने नोट उचलली. बराच वेळ उजेडात धरून बसले.

"कोन देऊन गेलं वं हे?"

"एक बाई होती. बेज्जूरकडची." सोनाबाई तांदूळ पाखडत राहिल्या.

"एवढ्या दुरून काय घ्याले आली?"

"साबन."

"काऊन, बेज्जूरले साबन नाई भेटत?"

"भेटते. आपलं सस्तं आहे."

"अस्सं. न् येताना नोटीची पूजा करून आली. हळद ताजी आहे अजून."

सोनाबाईंचं सूप थांबलं. अमृतरावांनी उठून वही आणली आणि त्यांच्यासमोर उघडून पानं उलटू लागले. एका नोटेच्या कोपऱ्यावर पिवळा ठिपका, दुसरीवर तसाच, तिसरीवर तर कुंकवाचं अख्खं बोट.

"हे बी बेज्जूरवाली. हे बी. एकटीच बाई पाच वर्सांपासून साबन नेऊन राह्यली. तिच्या घरी आंघोळीशिवाय काई कामच नाई वाट्टे."

"तुमाले माहीत होतं?" सोनाबाईंचा आवाज बारीक झाला. "मंग काढून टाकान आता. तुमचा नियम मोडला ना."

"नियम काय होता?"

"विकत नाई घ्याची. गल्ल्यात आली पायजे."

"गल्ल्यातच आली. आन् मी कुठं विकत घेतली? तू काय देल्लं तिले?"

"अर्धा किलो गूळ."

"म्हंजे गूळ माह्याच दुकानातला. पैसा त नाई गेला," अमृतराव म्हणाले आणि ती नोट त्यांनी रिकाम्या खिशात सरकवली, हळद लागलेली बाजू वर ठेवून. मग वही मिटेनात. पंच्याऐंशीच्या पानावर हात ठेवून बसून राहिले.

"संपली आता वही," सोनाबाई म्हणाल्या. एवढी वर्षं जिची वाट पाहिली ती नोट आली, आणि उद्या दुपारी गल्ल्यावर बसून करायचं काय, हे त्यांना सुचेना.

"दोन रुपयाची राह्यली ना. वाघाच्या चित्राची," अमृतराव चष्मा पुसत म्हणाले. "बेज्जूरवाली आली त सांगजो."

सोनाबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

"सांगीन. पन वाघ आहे म्हनल्यावर अर्ध्या किलोत नाई भागाचं तिचं."