उजव्या खांद्यावरची बंदूक

नोटा बंद झाल्या ते २०१६ साल. त्या हिवाळ्यात सावद्यात कितीतरी लग्नांच्या तारखा मागेपुढे झाल्या, आणि प्रेमराज नेहेत्यांच्या थोरल्या मुलीचं, कामिनीचं, ठरलेलं लग्नही मार्गशीर्षातून उठून थेट फाल्गुनावर गेलं. ते वेळेवर लागलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, असं तिची धाकटी बहीण भूमिका अजून म्हणते.

भूमिका तेव्हा धुळ्याला कॉलेजात शिकायची, वसतिगृहात राहायची. एनसीसीत गेली ती खाकीच्या हौसेनं. पळण्यात चांगली, कवायतीत चांगली. बंदुकीशी मात्र तिचं जमेना. पालथं झोपून रायफलीचा दस्ता उजव्या खांद्याला लावायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं नेम धरायचा, असं सगळ्या मुलींना शिकवलेलं. भूमिकाला एकटा डावा डोळा मिटताच यायचा नाही. तो मिटला की उजवाही त्याच्यामागे जायचा. दोन्ही उघडे ठेवले तर नळीच्या टोकाशी नेमासाठी असलेला उभा खिळा, ज्याला माशी म्हणतात, तो दुहेरी दिसायचा, एकीच्या दोन माश्या व्हायच्या, आणि गोळी जायची ती डावीकडे, मातीच्या बांधात.

"डोळा मारता येत नाही, नेम काय मारशील गं तू?" मैत्रिणी म्हणायच्या. तीही हसायची. खोलीवर आल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून डोळा मिटायचा सराव करायची, आणि गाल दुखेपर्यंत करूनही तो मिटायचा नाही.

कॉलेजात फायरिंग शिकवायला हिलाल आबा यायचे. पिंपळनेरकडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बोलायला तुसडे. एक दिवस त्यांनी तिला बाजूला घेतलं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी फट करायला लावली आणि त्या फटीतून लांबचा विजेचा खांब बघायला सांगितला. खांब दिसला. मग त्यांनी तिचा उजवा डोळा आपल्या टोपीनं झाकला. खांब जागेवरच होता. डावा झाकला, तर खांब फटीतून नाहीसा झाला. तिनं पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच.

"तुन्हा हात उजवा शे, पन डोया डावा शे," आबा म्हणाले. "यामा तुन्ही काय चूक? बंदूक डोयाले देवानी ऱ्हास, हातले नही."

बंदूक डोळ्याच्या बाजूला द्यायची, हाताच्या नाही, हे मग त्यांनी समजावून सांगितलं. जसा एक हात जास्त चालतो तसा एक डोळा पुढारपण करतो. दिसायला दोन्ही धड असतात, पण नेम धरताना मेंदू एकाचंच ऐकतो. बहुतेकांचा हात आणि डोळा एकाच अंगाचे, काहींचे उलटे. तिचा डावा डोळा पुढारी, म्हणून बंदूक डाव्या खांद्यावर गेली पाहिजे.

सांगायला सोपं होतं. रायफलीत गोळी सरकवायचा बोल्ट उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेला. डाव्या खांद्यावरून दर गोळीला हात पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, पुन्हा गाल टेकवायचा. डावं बोट घोड्यावर काठीसारखं ताठ व्हायचं. पावसाळाभर तिनं रिकाम्या बंदुकीवर तेच केलं. जेवताना घासही डाव्या हातानं घेऊ लागली तेव्हा मेसच्या बाईंनी हटकलं, की पोरी, अन्नाला डावा हात लावू नये. दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. आबांनी तो कागद बघितला, घडी करून खिशात घातला आणि कौतुकाचा शब्द न बोलता पुढच्या मुलीकडे गेले. डिसेंबरात राज्याच्या संघासाठी निवड होती. नाव गेलं ते भूमिकाचं. तिथून पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय स्पर्धेची वाट होती, आणि तिनं ती मनातल्या मनात चालायलाही सुरुवात केली होती.

तेवढ्यात स्थानिक पेपरात तिचा फोटो आला. डाव्या खांद्याला बंदूक, दस्त्यावर गाल, डावा डोळा उघडा, उजवा किंचित बारीक झालेला. खाली नाव, गाव, बापाचं नाव.

प्रेमराजनी पहिल्या दिवशी तो फोटो केळीच्या वखारीत सगळ्यांना दाखवला. तिसऱ्या दिवशी रतिलाल नाना घरी आले. कामिनीचं फैजपूरचं स्थळ त्यांनीच जमवलं होतं, आणि त्यांच्या जमवण्यावर आसपासची निम्मी गावं विसंबून. चहा अर्धा संपल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. मुलाकडच्यांनी फोटो बघितलाय. मुलाची आई विचारतेय, की उजव्या हाताची पोर बंदूक डावीकडे धरते ती उगाच का? उजव्या डोळ्यानं दिसत नसणार. आणि धाकटीला दिसत नाही तर थोरलीच्या डोळ्यांचं काय, उद्या तिच्या पोटच्यांचं काय?

प्रेमराजनी शपथा घेतल्या, पोरीचे दोन्ही डोळे धड आहेत म्हणून. नाना म्हणाले, मला सांगून काय उपयोग? मुलाचे मामा धुळ्यालाच असतात, नेमबाजीच्या दिवशी बघायला येणार आहेत. त्यांना पोर उजवीकडून बंदूक मारताना दिसली, की तोंडं बंद.

निवडीच्या दिवशी सकाळी प्रेमराज वसतिगृहाच्या ओट्यावर येऊन बसले. भूमिका गणवेशात बाहेर आली. त्यांनी सगळं सांगितलं. तिनं हात लांब करून फटीतून बघायची ती खूण बापालाही करून दाखवली, डॉक्टरकडे चला म्हणाली. मामांना समोर बसवून वाटेल ते वाचून दाखवते म्हणाली. तेही नको असेल तर निदान डाव्या डोळ्यावर पट्टी बांधू द्या, म्हणजे उजवीकडून थोडंफार तरी लागेल.

"पट्टी बांधली तं एक डोया गेलाच म्हनतीन," प्रेमराज म्हणाले.

"भाऊ, मग माझी एक पण गोळी लागणार नाही." वडिलांना ती भाऊ म्हणायची.

"नको लागू दे. तुले नंबर नही मियाला तं काही बिघडत नही व. कामिनीचं मोडलं तं मी कोठी तोंड दाखवू?"

मग कामिनी काय म्हणते, असं तिनं विचारलं. बापानं मान फिरवली. कामिनीनं तीन दिवस जेवण धड केलं नव्हतं. पण बहिणीला फोन करून कर किंवा करू नको, असं काहीच ती म्हणाली नव्हती.

रेंज गावाबाहेर, टेकडीच्या पोटाशी होती. बघणाऱ्यांसाठी मागे दोर बांधलेला. दोराशी प्रेमराज, रतिलाल नाना आणि स्वेटर घातलेले एक जाडसर गृहस्थ उभे होते; तेच मामा. भूमिका सतरंजीवर पालथी झाली आणि दस्ता उजव्या खांद्याला लावला. हिलाल आबा लांबूनच तिच्याकडे बघत राहिले. मग जवळ येऊन वाकले.

"काय करी ऱ्हायनी पोरी? डावा खांदाले लाव."

"आबा, माझे वडील आलेत."

आबांनी वळून दोराकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले. "बंदूकले बाप नही समजस," एवढं म्हणून ते बाजूला झाले.

हुकूम झाला. नळीच्या टोकाशी दोन माश्या दिसू लागल्या, तिला ओळखीच्या. यातली खरी कुठली ते तिला ठाऊक होतं आणि डोळा मात्र दुसरीच धरत होता. तिनं एकदा मागे वळून पाहिलं. बापाची नजर लक्ष्याकडे नव्हतीच; तिच्या खांद्यावर होती. तिनं घोडा दाबला. खांदा बदलायला एक श्वास पुरला असता, आणि हे तिला प्रत्येक गोळीला वाटलं. तिनं तो बदलला नाही. निकालाचे कागद आणले तेव्हा तिच्या कागदावर काठाशी एक भोक होतं. दोन गोळ्या शेजारच्या मुलीच्या कागदावर सापडल्या. बाकीच्या बांधात.

मामांनी ते कागद स्वतः निरखून बघितले. जाताना रतिलाल नानांना म्हणाले, "बरं झालं, डोळ्यांनी बघितलं. पोरीला उजव्यानं खरंच दिसत नाही."

चार दिवसांनी फैजपूरहून नारळ परत आला, लग्न मोडलं.

भूमिका घरी गेली तेव्हा कामिनी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आई चुलीशी पाठ करून बसली होती. प्रेमराज बाजेवर होते. ती समोर उभी राहिली तसे म्हणाले, "येवढं जर मारता येत नव्हतं, तं डावीकडूनच मारायचं व्हतं."

तिनं खांद्यावरची पिशवी उतरवून खुंटीला अडकवली.

हिलाल आबांनी पुढच्याच वर्षी कॉलेजचं काम सोडलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते पिंपळनेरला वारले. भूमिकाला ते सहा महिन्यांनी कळलं. शेजारच्या सतरंजीवरची मुलगी त्या वर्षी संघात गेली आणि आता पोलिसात आहे. फैजपूरच्या मुलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात यावलला झालं. कामिनीला दोन वर्षांनी बऱ्हाणपूरचं स्थळ मिळालं, चांगलं मिळालं. तिला दोन मुलं आहेत, आणि धाकट्या बहिणीचे डोळे खरंच अधू होते असं ती सासरी सांगते, कारण मोडलेल्या लग्नाचं दुसरं कारण सांगायचं तर बापाचं नाव घ्यावं लागतं. प्रेमराजना गेल्या वर्षी पक्षाघात झाला. त्यांना भरवायला भूमिकाच असते.

भूमिका सावद्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्न झालेलं नाही. रतिलाल नाना अजून स्थळं आणतात, आणि आलेल्यांची खात्री पटावी म्हणून चहानंतर तिला डावा डोळा तळहातानं झाकायला सांगून भिंतीवरच्या कॅलेंडरचं बारीक अक्षर वाचायला लावतात. यंदापर्यंत ती तिथी, नक्षत्र, खालच्या छापखान्याच्या पत्त्यासकट सगळं वाचायची. पाहुणे माना डोलवायचे आणि गावी जाऊन कळवतो म्हणायचे. यंदा चोपड्याचे लोक आले होते. नानांनी बोट कॅलेंडरकडे केलं. तिनं कपबशा उचलल्या आणि आत निघून गेली.